सम्मुखाविनय आणि शांतिकार्यातील स्त्रिया

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेल्या कलहाची कथा आमच्या बहुतेक वाचकांना परिचित आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत आणि कुणाल जातकाच्या प्रास्ताविक कथेत ती आली आहे. ज्येष्ठ महिन्यात पिके सुकू लागली. बांध घालून अडविलेले पाणी दोन्ही तीरांवरील शेतांना पुरेनासे झाले. शेतावर राबणाऱ्यांमध्ये प्रथम बोलाचाली झाली, मग हातघाई झाली, मग एकमेकांच्या कुळाचा उद्धार झाला. ही वार्ता वर पोहोचली आणि दोन्ही गणांचे क्षत्रिय शस्त्रे घेऊन तीरावर उभे राहिले.

तथागत तेथे आले आणि त्यांनी विचारले की, हा कलह कशाचा आहे? राजांना ते सांगता येईना. त्यांनी उपराजाकडे बोट दाखविले, उपराजाने सेनापतीकडे. असे विचारत विचारत प्रश्न दास आणि कामकरी यांच्यापर्यंत गेला, तेव्हा कोठे उत्तर मिळाले की, भांडण पाण्याचे आहे. मग पाण्याचे मोल किती आणि क्षत्रियांच्या जीविताचे मोल किती, हा प्रसिद्ध प्रश्न पुढे आला व शस्त्रे खाली ठेवली गेली.

या कथेवर प्रवचन करताना पाणी आणि रक्त यांची तुलनाच बहुधा सांगितली जाते. त्याआधीच्या प्रश्नोत्तरांकडे मात्र दुर्लक्ष होते. आमच्या मते कथेचे मर्म तेथे आहे. युद्ध पुकारणाऱ्यांना युद्धाचे कारण ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते त्यांना, ज्यांना कोणी विचारीत नव्हते. प्रस्तुत लेखात आम्ही याच सूत्राच्या आधारे एका आधुनिक प्रश्नाचा विचार करणार आहोत. संघर्ष टाळणे आणि शांतता प्रस्थापित करणे या कार्यात स्त्रियांचा सहभाग किती असतो, तो कोठे थांबतो आणि तो थांबल्यामुळे काय बिघडते, हा तो प्रश्न होय.

दोन्ही तीरांवरच्या स्त्रिया

शाक्य आणि कोलिय यांच्यात रोटीबेटीचा व्यवहार होता. अट्ठकथा-परंपरेत देवदहाचा संबंध कोलियांशी जोडला जातो. महामाया आणि महापजापती गोतमी या तेथल्याच. म्हणजे रोहिणीच्या एका तीरावर त्यांचे माहेर आणि दुसऱ्या तीरावर सासर. अशा किती तरी स्त्रिया दोन्ही नगरांत असल्या पाहिजेत. युद्ध झाले असते तर पती आणि बंधू यांपैकी कोणीही मेला तरी शोक त्यांच्याच वाट्याला येणार होता. दोन्ही पक्षांशी रक्ताचे आणि संसाराचे नाते असलेला समाजातील एकमेव वर्ग म्हणजे या स्त्रिया होत्या. तरीही विचारपूस राजापासून दासापर्यंत उतरली, पण ती त्यांच्यापर्यंत पोहोचल्याचे कथाकार सांगत नाही.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. कलह मिटल्यावर दोन्ही कुळांनी अडीचशे-अडीचशे तरुण संघात दिले, असे अट्ठकथा सांगते. युद्ध टळले, परंतु या पाचशे जणांच्या पत्नींचा संसार मोडला. तडजोडीची किंमत त्यांनी दिली आणि ती ठरविताना त्यांचे मत घेतले गेले नव्हते. नव्या भिक्खूंचे मन घराकडे ओढ घेऊ लागले तेव्हा त्यांना सांगितलेली कथा म्हणून कुणाल जातक येते. त्यात स्त्रियांची जी निंदा आहे ती जातक-वाङ्मयात क्वचितच इतक्या टोकाला जाते. पालीचे अभ्यासक म्हणून ही गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्या स्त्रियांनी शांततेचे मोल चुकविले त्यांच्याच वर्गाला त्या शांततेच्या कथेत दूषणे मिळाली. संकलकांची दृष्टी आणि तथागतांची दृष्टी यांत फरक केला पाहिजे, हे येथे विशेष जाणवते.

थेरीगाथेच्या अट्ठकथेनुसार याच स्त्रिया पुढे महापजापती गोतमींच्या मागे निघाल्या. केस कापून, काषाय वस्त्रे नेसून, पायी चालत त्या वेसालीला पोहोचल्या. विनयपिटकातील चुल्लवग्गात गोतमींचे जे वर्णन आहे ते असे: पाय सुजलेले, अंग धुळीने माखलेले, आणि त्या दाराबाहेर रडत उभ्या. आत जाऊन त्यांची बाजू मांडण्यास आनंद स्थविर होते. आत आणि बाहेर यांच्यामधले हे दार आम्ही मुद्दाम ध्यानात ठेवीत आहोत. अडीच हजार वर्षांनंतर ते पुन्हा भेटणार आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणीच्या कलहाला सिद्धार्थाच्या गृहत्यागाचेच कारण मानले आहे. त्या मांडणीत सिद्धार्थ निघून गेल्यावर शाक्यांमध्ये युद्धाविरुद्ध लोकमत उठते, मिरवणुका निघतात आणि त्यांत पुरुषांच्या बरोबरीने स्त्रिया व मुलेमुली सामील होतात. त्या दबावामुळे संघाला पुन्हा बैठक घ्यावी लागते, दोन्ही बाजूंचे पाच-पाच प्रतिनिधी भेटतात आणि पाणीवाटपाचे तंटे सोडविण्यासाठी एक कायम लवाद मंडळ नेमले जाते. शांतता म्हणजे केवळ हृदयपरिवर्तन नव्हे, तिला लोकांचा रेटा आणि टिकाऊ यंत्रणा दोन्ही लागतात, हे बाबासाहेबांचे म्हणणे त्यातून स्पष्ट होते. स्त्रिया मिरवणुकीत असाव्यात हे त्यांनी आवर्जून दाखविले. त्या दहा प्रतिनिधींत आणि लवाद मंडळात त्या असाव्यात का, हा प्रश्न त्यांनी आपल्यासाठी शिल्लक ठेवला आहे असे आम्ही मानतो.

विनयाचा दंडक

वाद मिटविण्याचे सात उपाय विनयात सांगितले आहेत. त्यांना अधिकरणसमथ म्हणतात. मज्झिमनिकायातील सामगाम सुत्तातही ते येतात. हे सातही नियम भिक्खू आणि भिक्खुनी या दोहोंच्या पातिमोक्खात समान आहेत. यांतील पहिला सम्मुखाविनय. एखाद्या भिक्खूच्या गैरहजेरीत त्याच्यावर संघकर्म करण्याचा प्रकार घडला तेव्हा तो निषिद्ध ठरवून हा नियम घालण्यात आला. सम्मुखता चार प्रकारची सांगितली आहे. संघ समोर हवा, धम्म समोर हवा, विनय समोर हवा आणि ज्यांचा वाद आहे त्या व्यक्ती समोर हव्यात. यांपैकी एक जरी नसेल तरी निर्णय सम्मुखाविनयाने झाला असे म्हणता येत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. व्यक्तींची सम्मुखता म्हणजे शब्दशः वादी आणि प्रतिवादी यांची उपस्थिती होय. परंतु नियम ज्या प्रसंगातून जन्मला तो पाहिला तर त्याचा हेतू अधिक व्यापक दिसतो. निर्णयाचा भार ज्याच्यावर पडणार, त्याच्या पाठीमागे निर्णय होऊ नये, हा तो हेतू. गावे जाळणाऱ्या युद्धात भार कोणावर पडतो, हे पाहिले की सम्मुखता कोणाची हवी हेही ठरते.

कोसंबीच्या भिक्खूंचा कलह झाला, तेव्हाचा एक प्रसंग या संदर्भात फार महत्त्वाचा आहे. भांडणारे भिक्खू सावत्थीला येत आहेत हे कळल्यावर महापजापती गोतमींनी आपण कसे वागावे असे विचारले. महावग्गानुसार त्यांना मिळालेले उत्तर असे होते की, दोन्ही पक्षांकडून धम्म ऐकावा, आणि ऐकल्यावर जे धम्माला धरून बोलतात त्यांचे मत मान्य करावे. विसाखेलाही अशाच अर्थाचा उपदेश झाला. येथे स्त्रियांना वादापासून दूर राहण्यास सांगितलेले नाही. ऐकून निवाडा करण्यास सांगितले आहे. भिक्खूंना उपदेश करण्यास भिक्खुनींना मनाई करणारा गरुधम्म आणि हा प्रसंग, दोन्ही एकाच विनयात आहेत. कोणत्या परंपरेला पुढे न्यायचे, हे आपल्यावर आहे.

अक्रा येथील दार

आता आम्ही वाचकांना पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या देशात घेऊन जातो. विनयाशी त्या देशाचा काही संबंध नाही. पण स्त्रियांनी युद्ध थांबविण्याचे अलीकडील इतिहासातील इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. तेथे १९८९ ते १९९६ आणि पुन्हा १९९९ ते २००३ अशी दोन यादवी युद्धे झाली. त्यांत मिळून सुमारे अडीच लाख माणसे मेली असा अंदाज सामान्यतः दिला जातो. लहान मुलांच्या हाती बंदुका देण्यात आल्या. बलात्कार हे युद्धाचे साधन झाले.

लेमा ग्बोवी या समाजसेविका युद्धाने मन मोडलेल्या लोकांमध्ये, बालसैनिकांमध्येही, काम करीत होत्या. शांतिकार्य करणाऱ्या स्त्रियांच्या एका पश्चिम आफ्रिकी जाळ्याची लायबेरियातील शाखा त्यांनी चालविली. त्यांची पद्धत साधी होती. शुक्रवारी मशिदीत, शनिवारी बाजारात आणि रविवारी चर्चमध्ये जाऊन त्या स्त्रियांशी बोलत. आसातू बाह केनेथ या मुस्लिम पोलीस अधिकारी त्यांना येऊन मिळाल्या. ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रियांनी एकत्र यावे, याला आरंभी दोन्हीकडून कुरकुर झाली. गोळी माणसाचा धर्म पाहून लागत नाही, या अनुभवाने ती मिटली.

एप्रिल २००३ पासून पांढरे कपडे घातलेल्या या स्त्रिया राजधानी मोन्रोव्हियातील मासळीबाजाराजवळच्या मैदानात रोज बसू लागल्या. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्या गाड्यांचा ताफा त्याच रस्त्याने जात असे. ऊन असो की पाऊस, त्या उठल्या नाहीत. २३ एप्रिल रोजी टेलर यांना त्यांची भेट घ्यावी लागली. त्यांनी वाटाघाटींस जाण्याचे मान्य केले. काही जणी सिएरा लिओनला गेल्या व बंडखोरांच्या पुढाऱ्यांकडूनही त्यांनी तसेच वचन घेतले. एका पक्षाच्या बाजूने नव्हे, तर दोन्ही पक्षांसमोर त्या उभ्या राहिल्या, हे येथे ध्यानात घ्यावे.

जून २००३ मध्ये घाना देशात वाटाघाटी सुरू झाल्या आणि आठवड्यांमागून आठवडे गेले. प्रतिनिधी चांगल्या हॉटेलात उतरले होते. मंत्रिपदे कोणाला मिळणार याची घासाघीस चालली होती. आणि मोन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते. २१ जुलै रोजी ग्बोवी आणि त्यांच्यासोबतच्या स्त्रिया अक्रा येथील सभागृहाच्या दाराशी हातात हात गुंफून बसल्या. करार झाल्याविना कोणालाही बाहेर जाऊ दिले जाणार नाही, असा निरोप त्यांनी आत धाडला. रक्षक अटक करण्यास आले तेव्हा ग्बोवी स्वतःची वस्त्रे उतरवू लागल्या. आईच्या वयाच्या स्त्रीने जाणूनबुजून असे करणे हा त्या प्रदेशात भयंकर शाप मानला जातो. मध्यस्थ असलेले नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख जनरल अब्दुलसलामी अबुबकर यांनी अटक होऊ दिली नाही आणि प्रतिनिधींना पुन्हा कामाला बसविले. ११ ऑगस्टला टेलर यांनी पद सोडले. १८ ऑगस्ट २००३ रोजी शांतता करारावर सह्या झाल्या.

वेसालीच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या गोतमी आम्हांस येथे आठवतात. मात्र या साम्याने हुरळून जाऊ नये. काही महिला संघटनांच्या प्रतिनिधी अक्रा येथे आत होत्या, त्यांनी साक्षीदार म्हणून सह्याही केल्या. परंतु ज्यांच्या रेट्याने करार झाला त्या बहुसंख्य स्त्रिया दाराशीच राहिल्या आणि सत्तेची वाटणी मुख्यतः शस्त्रधाऱ्यांमध्येच झाली. डिसेंबर २००३ मध्ये शस्त्रे गोळा करण्याचे काम घाईने सुरू झाले. अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लढवय्ये आले, गोंधळ व गोळीबार झाला आणि ते काम बंद पडले. एप्रिल २००४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा गावोगाव मुलांना ओळखणाऱ्या आणि त्यांची समजूत घालू शकणाऱ्या या स्त्रियांची मदत मोलाची ठरली. शेवटी एक लाखाहून अधिक लोकांनी शस्त्रे सोडली. कलह कोठे, कसा आणि कोणामध्ये धुमसतो आहे, हे ज्यांना ठाऊक होते त्यांना आरंभी विचारले गेले नव्हते. रोहिणीच्या तीरावरचीच ही चूक होय.

पुढे २००५ च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सरलीफ विजयी झाल्या आणि जानेवारी २००६ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपद स्वीकारले. त्यांना व ग्बोवी यांना येमेनच्या तवक्कुल करमान यांच्यासह २०११ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील महिलांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या वतीने २००७ ते २०१६ या काळात लायबेरियात होती, हेही आमच्या वाचकांना ठाऊक असावे.

मातेचा मान आणि सदस्याचा हक्क

आपल्या देशातील नागा समाजाचे उदाहरण याहून अधिक बोधप्रद आहे. मणिपूरमधील तांगखुल नागांमध्ये एका गावातून दुसऱ्या गावात दिलेल्या स्त्रीला 'पुक्रेइला' म्हणत. लढणाऱ्या दोन गावांच्या मध्ये निर्भयपणे जाऊन तिने लढाई थांबवावी, अशी रीत होती. माहेर आणि सासर यांना जोडणारी स्त्री म्हणजेच शांतिदूत, ही कल्पना तेथे प्रत्यक्षात होती. नागालँडमध्ये १९८४ साली स्थापन झालेल्या नागा माता संघटनेने १९९० च्या दशकात रक्तपात थांबविण्याची मोहीम चालविली, परस्परांवर उठलेल्या सशस्त्र गटांकडे जाऊन रदबदली केली. माता म्हणून त्यांना सर्वांनी मान दिला.

पण याच संघटनेने नगरपालिकांत स्त्रियांना ३३ टक्के राखीव जागा मिळाव्यात म्हणून न्यायालयात दाद मागितली, तेव्हा चित्र बदलले. २०१७ च्या आरंभी या आरक्षणाविरुद्ध उग्र आंदोलन झाले, दिमापुरात दोघांचा मृत्यू झाला, कोहिम्यात इमारतींना आगी लागल्या आणि निवडणुका रखडल्या. त्या ३३ टक्के आरक्षणासह अखेर जून २०२४ मध्ये झाल्या. राज्याच्या विधानसभेत स्त्री निवडून येण्यास २०२३ साल उजाडावे लागले. लढाईच्या मधोमध उभे राहण्यास जी चालते ती सभागृहात बसण्यास चालत नाही, असा याचा अर्थ होतो.

आत बसण्याने काय फरक पडतो, याचे उत्तर उत्तर आयर्लंडमध्ये मिळते. तेथे १९९६ साली दोन्ही धर्मपंथांतील स्त्रियांनी मिळून एक पक्ष काढला. त्याला सुमारे एक टक्का मते मिळाली, पण निवडणुकीच्या पद्धतीमुळे वाटाघाटीत दोन जागा मिळाल्या. एप्रिल १९९८ च्या करारात हिंसाचाराने पीडित झालेल्यांची दखल, दोन्ही पंथांच्या मुलांचे एकत्र शिक्षण आणि नागरी मंच हे विषय आले, त्यामागे या प्रतिनिधींचा आग्रह होता. सीमा आणि सत्ता यांवर बोलणारे पुष्कळ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुले कोणत्या शाळेत जाणार, हे विचारणाऱ्या या होत्या.

स्त्रिया स्वभावतःच शांतताप्रिय असतात म्हणून त्यांना घ्यावे, असे आमचे म्हणणे नाही. लायबेरियाच्या सशस्त्र टोळ्यांत स्त्रिया आणि मुलीही होत्या. स्त्रीचा स्वभाव अमुकच असे ठरविणे ही कुणाल जातकाचीच उलटी बाजू आहे. तेथे निंदा आहे, येथे स्तुती, इतकाच भेद. आमचे म्हणणे सम्मुखतेचे आहे. ज्यांच्यावर निर्णय पडतो, ज्यांना कलहाची मुळे ठाऊक आहेत आणि ज्यांना तो निर्णय उद्या घरोघर पाळवून घ्यायचा आहे, त्यांच्या पाठीमागे झालेला समझोता अपुरा असतो.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी संमत केलेल्या १३२५ क्रमांकाच्या ठरावात हेच तत्त्व मान्य झाले. संघर्ष टाळणे, तो मिटविणे आणि पुनर्बांधणी करणे या प्रत्येक पायरीवर निर्णय घेणाऱ्यांत स्त्रिया असाव्यात, असे त्यात म्हटले आहे. तरीही १९९२ ते २०१९ या काळातील प्रमुख शांतता प्रक्रियांची सरासरी पाहता वाटाघाटी करणाऱ्यांत स्त्रिया सुमारे १३ टक्के, मध्यस्थांत ६ टक्के आणि सह्या करणाऱ्यांत ६ टक्के होत्या. तत्त्व मान्य होणे आणि दार उघडणे यांत एवढे अंतर आहे.

हे अंतर दूरच्या देशांतच आहे असे मानण्याचे कारण नाही. आमच्या वस्त्यांत जागेवरून, नळावरून, मिरवणुकीच्या मार्गावरून तंटे होतात आणि ते मिटविण्यासाठी विहारात बैठका बसतात. वंदनेला विहार स्त्रियांनी भरलेला असतो. बैठकीच्या वेळी सतरंजीवर पुरुष असतात आणि त्या दाराशी उभ्या राहून ऐकतात. नळावर रोज कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या मुलाच्या मनात काय खदखदते आहे, हे त्यांना ठाऊक असते. त्यांना विचारले जात नाही. म्हणून आमची सूचना अगदी व्यवहाराची आहे. बैठक सुरू करण्यापूर्वी विनयाला धरून एवढेच पाहावे: हा निर्णय ज्यांच्यावर पडणार त्यांपैकी कोण गैरहजर आहे? दोन्ही बाजूंच्या स्त्रियांकडून ऐकले आहे काय? आणि निर्णयाची अंमलबजावणी पाहणाऱ्या समितीत त्यांची नावे आहेत काय? यांपैकी कशाचेही उत्तर नकारार्थी असेल तर बैठक दुसऱ्या दिवसावर ढकलावी आणि दाराशी उभ्या असलेल्यांना आत बसावयास सांगावे.